खोलीआधी जिना विचारा

भाचीच्या मंगनीच्या खरेदीसाठी अम्मींना घेऊन मुंबईला गेलो होतो. मोहम्मद अली रोडवर स्वस्त खोली दिसली, मी फोनवरच पैसे भरून टाकले. पोहोचल्यावर कळले, खोली चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद! गुडघेदुखीने बेजार अम्मी दुसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसल्या. काही बोलल्या नाहीत. मी वाचवले होते अवघे तीनशे रुपये.

तेव्हापासून पैसे भरण्याआधी मी हॉटेलला फोन करते. लिफ्ट चालू आहे का? संडास-न्हाणी खोलीतच की सामाईक? चेक-आउट दुपारी बाराला की चोवीस तासांनी? रात्रीची गाडी असेल तर सामान काउंटरवर ठेवतात का? रस्त्याकडची खोली शक्यतो नकोच; जे. जे. उड्डाणपुलावरच्या गाड्या रात्रभर उशाशी धावतात. मोठ्या माणसांची मूळ ओळखपत्रे मात्र सोबत हवीत.

सीएसएमटीहून क्रॉफर्ड मार्केट पायी दहा-पंधरा मिनिटांवर. मंगळदास मार्केट, झवेरी बाजार तिथून जवळच. म्हणून मुक्काम याच भागात बरा. टॅक्सीचे पैसे वाचतात. मंगळदास मार्केट रविवारी बंद असते, हे ध्यानात ठेवूनच तारीख ठरवा.

निकाहच्या खरेदीला पहिल्या मजल्यावरची खोली घेतली. भाडे थोडे जास्त पडले. पण अम्मी दुपारी खोलीवर आल्या, जोहरची नमाज पढून जरा पडल्या आणि संध्याकाळी पुन्हा बाजारात हजर! भाचीचा शरारा त्यांनीच पसंत केला.