इतर (स्पष्ट करा)

निवृत्त माणसानं काय करावं, याबद्दल आमच्या नंदुरबारात दोन मतं आहेत. एक, देवळाच्या ओट्यावर बसावं. आणि दुसरं, बसू नये. मी दुसऱ्या मताचा निघाल्यामुळे पुतण्यानं मला कामाला जुंपलं. "काका, बसल्या बसल्या चार पैसे सुटतील. सर्व्हेचे फॉर्म आलेत, ते कॉम्प्युटरमध्ये भरायचे." सर्व्हे कुणाचा ते सांगत नाही, निम्मे पैसे अजून यायचे आहेत.

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा इकडचे घरोघर फिरून भरलेले फॉर्म होते. छप्पर कशाचं? गवत १, कौलं २, पत्रा ३. आकडा दाबला की झालं. पहिल्याच दिवशी मी शंभर घरांची छपरं शाकारली आणि बायकोला अभिमानानं सांगितली. ती म्हणाली, "आपलं न्हाणीघर गळतंय, ते कितव्या नंबरात बसतं बघा!"

गाडी अडली ती सतराव्या प्रश्नापाशी. 'मूळ गाव का सोडलं?' नोकरी १, धंदा २, शिक्षण ३, लग्न ४, कुटुंबासह ५ आणि इतर (स्पष्ट करा) ९.

आता 'स्पष्ट करा' असं छापल्यावर लोकांनी स्पष्ट केलं. फॉर्म भरणारी पोरंही इथलीच, त्यांनी ऐकलं तसं उतरवलं. एकीनं सांगितलं, 'तिथे नवऱ्याचा मार, इथे भावाचं घर.' एकानं सांगितलं, 'मुकादमाची उचल घेतली होती.' आणि तळोद्याकडचे एक आजोबा म्हणाले, 'मी गाव सोडलं नाही. गाव पाण्याखाली गेलं.'

मी हे सगळं भक्तिभावानं टाइप करू लागलो, तर तिसऱ्या दिवशी पुण्याहून सुपरवायझरचा फोन. आवाजावरून पंचविशीचा असावा.

"सर, तिथे फक्त ९ टाका. मजकूर नको."

"अहो, पण 'स्पष्ट करा' म्हटलंय ना?"

"ते त्यांनी करायचं, सर. आपण नाही."

म्हणजे पाहुण्याला 'जेवूनच जा' म्हणायचं आणि ताट वाढलं की उचलून न्यायचं! बरं, ९ तरी सुखानं टाकू द्यावा, तर नाही. ९ फार झाले की म्हणे रिपोर्ट वाईट दिसतो. तेव्हा उचलवाल्याला 'नोकरी'त घाला. अहो, मी चौतीस वर्षं नोकरी केली आहे. आधी पैसे घेऊन खाऊन झाल्यावर ते फेडायला बायकापोरांसह बारडोलीकडे ऊस तोडत फिरायचं, याला नोकरी म्हणायचं असेल तर माझं पेन्शन परत घ्या. आणि आजोबांना कुठे घालू? "कुटुंबासह गेले असतील ना सर? ५ टाका." बरोबर आहे. कुटुंबासह गेले, गुरांसह गेले, देवासह गेले. फक्त जमीन तेवढी मागे राहिली.

हा काही त्या पोराचा एकट्याचा दोष नव्हे. २०११ च्या जनगणनेत स्थलांतराची कारणं सात : काम, धंदा, शिक्षण, लग्न, जन्मानंतर, कुटुंबासह आणि इतर. १९९१ च्या यादीत निदान दुष्काळ-पुरासारखी नैसर्गिक आपत्ती होती. २००१ पासून तीही गेली. 'धरण' तर कधी नव्हतंच. सरदार सरोवरात अक्राणी आणि अक्कलकुव्याची मिळून ३३ गावं सापडली. मणिबेलीत १९९३ च्या पावसाळ्यात पाणी शिरलं. आमचा जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. म्हणजे जिल्ह्याचा जन्म होण्याआधी पाच वर्षं त्याचं गाव बुडायला लागलं होतं. आणि आपल्या खात्यावर ही गोष्ट कशी मांडायची? तर 'इतर'!

तुम्ही म्हणाल, "जो जे बोलेल ते तसंच लिहून घेतलं तर बाजार भरेल." कबूल. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात गणनेत तेच झालं. १९३१ च्या जनगणनेत जाती ४,१४७ होत्या. या खेपेला नावं निघाली ४६ लाखांच्या वर, असं सरकारनंच २०२१ साली सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. जातीत आडनावं मिसळली, गोत्रं मिसळली, एकाच जातीची दहा स्पेलिंगं झाली. आमच्याकडच्या पावऱ्याचा पवार व्हायला एक काना पुरतो, हे मी रोज पाहत होतो. तेव्हा वर्गवारी हवीच. पण ती जाणत्या माणसानं करावी, सगळी उत्तरं वाचून झाल्यावर करावी, आणि मुख्य म्हणजे मूळ वाक्य जवळ ठेवून करावी. आकडा चुकला तर वाक्य बघून सुधारता येतो. वाक्यच फेकलं तर त्या ९ मधून आजोबांना कोण उपसून काढणार?

पूर्वी पंचकार्डाला खण ऐंशी. तेव्हा शब्दांची काटकसर समजू शकतो. आज लग्नातल्या वरातीचा तासाभराचा व्हिडिओ फोनवरून गावभर फिरतो आणि आजोबांच्या सात शब्दांना जागा नाही? एक खण आकड्याला, शेजारचा खण वाक्याला. एवढंच माझं मागणं. २०२७ ची जनगणना मोबाइलवर होणार, जातही विचारणार. तेव्हा ते आताच मांडून ठेवतो.

मी हे सुपरवायझरला ऐकवलं. तो म्हणाला, "पण सर, एवढं वाचणार कोण?" हा प्रश्न मात्र खरा होता. मी म्हटलं, "मी वाचलं ना!" आणि उरलेले सगळे फॉर्म शब्दन् शब्द टाइप करून पाठवले.

परवा उरलेल्या पैशांबद्दल पत्र आलं. छापील होतं. 'रक्कम अदा करण्यास विलंब. कारण : इतर.'

मी उलट टपाली एकच ओळ लिहिली आहे. स्पष्ट करा.