रेफर करण्याआधी

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली तेव्हा अपघातानंतरच्या पहिल्या तासाला कायद्याच्या पुस्तकात जागा मिळाली. जबर दुखापतीनंतरच्या या तासात उपचार मिळाले तर माणूस वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, हे कायद्याने मान्य केले. या तासातले उपचार रोकड न मोजता मिळावेत म्हणून केंद्राने योजना करावी, असेही त्यातच लिहिले गेले. योजना मात्र लवकर निघाली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२५ रोजी मुदत घालून दिली, ती मुदतही उलटली, आणि अखेर ५ मे २०२५ रोजी अधिसूचना निघाली. देशातल्या कोणत्याही रस्त्यावर मोटार वाहनाच्या अपघातात सापडलेल्या माणसाला आता सात दिवसांपर्यंत आणि दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळण्याचा हक्क आहे. महाराष्ट्राने २०२० सालीच पहिल्या ७२ तासांच्या उपचारांची योजना मंजूर केली होती. पुढे ती महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत सामावली गेली आणि मर्यादा ३० हजारांवरून १ लाखावर गेली. राज्याबाहेरचा माणूस महाराष्ट्राच्या हद्दीत जखमी झाला तर त्यालाही ती लागू आहे. या सगळ्याचे स्वागतच केले पाहिजे. गरीब घरात अपघात झाला की शेत गहाण पडते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत.

पण सालेकसा तालुक्यात हा पहिला तास जातो कुठे, हे कोणी तरी बसून पाहायला हवे.

सालेकसा म्हणजे गोंदिया जिल्ह्याचे, आणि त्या बाजूला महाराष्ट्राचेच, शेवटचे टोक. एका अंगाला मध्य प्रदेश, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. हावडा-मुंबई लोहमार्ग तालुक्यातून जातो. दरेकसा ओलांडले की बोरतलाव आणि पुढे डोंगरगड. डोंगर, दाट जंगल, धानाची शेते आणि विखुरलेल्या टोल्या, म्हणजे लहान वस्त्या. जिल्ह्याचे ठिकाण गोंदिया इथून सुमारे ४० किलोमीटर, तेही आमगावमार्गे. गोंदियाहून नागपूर रेल्वेने आणखी १३० किलोमीटर.

आता दरेकशाच्या बाजूला जंगलातल्या वळणावर संध्याकाळी दुचाकी घसरली आणि मांडीचे हाड मोडले, असे समजा. मोबाइलला रेंज असेलच असे नाही. कोणी तरी पुढच्या टोलीपर्यंत जाऊन १०८ला फोन करतो. गाडी येईपर्यंत वाट पाहायची की मिळेल त्या वाहनात घालून न्यायचे, हा निर्णय रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसांना घ्यावा लागतो. जखमी सालेकशाच्या ग्रामीण रुग्णालयात पोचतो. तिथे मलमपट्टी होते, सलाइन लागते, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले जाते आणि गोंदियाला रेफर केल्याची चिठ्ठी हातात पडते. गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, ते २०१६ साली सुरू झाले, आणि त्याने या जिल्ह्याचे मोठे भले केले यात शंका नाही. पण डोक्याला किंवा मणक्याला गंभीर मार असला तर तिथूनही नागपूरच्या मेडिकल कॉलेजची वाट धरावी लागण्याचा संभव असतो. पहिला तास दरेकसा आणि आमगावच्या दरम्यान कुठे तरी संपलेला असतो.

मांडीचे हाड मोडले तर बाहेर थेंबही न दिसता एक ते दीड लिटर रक्त मांडीतच साचू शकते. प्रौढ माणसाच्या अंगात रक्त असते साधारण पाच लिटर. म्हणजे आमगावच्या रस्त्यावर रुग्णवाहिका धावत असताना, वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाचे पाव रक्त वाहून गेलेले असू शकते. कंबरेचे हाड मोडले असेल तर त्याहून जास्त. अशा वेळी गाडीचा वेग उपयोगी पडतोच, पण गाडीत चढवण्याआधी काय केले याने पुढचे सगळे ठरते. आणि जे करायचे त्यासाठी शल्यचिकित्सक लागत नाही, हे फार महत्त्वाचे आहे.

२०१० साली ‘क्रॅश-२’ या मोठ्या वैद्यकीय चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ४० देशांतल्या २७४ रुग्णालयांत वीस हजारांहून जास्त जखमींवर ती झाली, भारतातली रुग्णालयेही तिच्यात होती. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्तस्राव आटोक्यात ठेवणारे साधे, स्वस्त औषध वेळेत शिरेतून दिले तर मृत्यू कमी होतात, असे तीत दिसले. पुढच्या वर्षी त्याच आकडेवारीची पुन्हा छाननी झाली तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात आली. पहिल्या तासात दिले तर फायदा सर्वांत जास्त, आणि तीन तासांनंतर सुरू केले तर फायदा नाहीच, उलट अपाय होऊ शकतो. हे औषध कोणताही एमबीबीएस डॉक्टर देऊ शकतो. म्हणून ते द्यायचे तर सालेकशातच दिले पाहिजे. नागपूरला पोचेपर्यंत त्याची वेळ निघून गेलेली असेल.

औषधासारखीच बाकीची कामेही साधी आहेत. मोडलेली मांडी थॉमस स्प्लिंटमध्ये ताणून बांधणे. कंबरेभोवती पट्टा, तो नसेल तर दुमडलेली चादर, घट्ट आवळणे. मानेला पट्टा लावणे. श्वासमार्ग मोकळा ठेवणे, प्राणवायू देणे. छातीत हवा कोंडली असेल तर ती काढणे. आणि गोंदियाला फोन करून सांगणे, की अमुक वयाचा माणूस निघाला आहे, अमुक दुखापत आहे, रक्तगट अमुक आहे, रक्त तयार ठेवा. हा शेवटचा फोन अनेक ठिकाणी होत नाही. जखमी दारात येतो तेव्हाच त्याची हकीकत पहिल्यापासून सुरू होते, आणि ती सांगणारा असतो घाबरलेला भाऊ किंवा शेजारी.

आपल्याकडे तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात एक वैद्यकीय अधीक्षक आणि तीन वैद्यकीय अधिकारी, असा साचा ठरलेला आहे. राष्ट्रीय मानके याच पातळीच्या रुग्णालयात शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञही असावेत असे सांगतात. ते दूरच्या तालुक्यांना मिळावेत हा आग्रह सोडून चालणार नाही. पण ते येईपर्यंत जे तीन-चार डॉक्टर आहेत त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. रात्रपाळीला एकटा असलेला, नुकताच बंधपत्रावर आलेला तरुण डॉक्टर. एका खोलीत बाळंतीण, दुसरीत साप चावलेला मुलगा आणि दारात रक्ताने माखलेले दोघे. त्याने चिठ्ठी लिहिली तर ती बहुधा जबाबदारी टाळण्यासाठी लिहिलेली नसते. त्याला कोणी शिकवलेले नसते, हाताशी साहित्य नसते, आणि फोनवर धीर देणारा ज्येष्ठ डॉक्टर नसतो. या तिन्ही गोष्टी जिल्हा पातळीवर ठरवून देता येतील. इमारती बांधण्याहून त्यांना फार कमी पैसा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९८९ रोजी परमानंद कटारा खटल्यात निकाल दिला. जखमीला आधी उपचार, कायदेशीर सोपस्कार नंतर, आणि हे कर्तव्य सरकारी-खासगी प्रत्येक डॉक्टरचे, असे त्या निकालाने ठणकावून सांगितले. त्या खटल्याच्या मुळाशी एका स्कूटरस्वाराचा मृत्यू होता. त्याला जवळच्या रुग्णालयात नेले, तिथे पोलीस प्रकरणे घेत नाहीत म्हणून सुमारे २० किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवले, आणि तो वाटेत गेला. आज असे सरळ नाकारणे बेकायदा आहे. पण पुरेसे स्थिर न करता पुढे पाठवलेला जखमी वाटेत जातो, तेव्हा त्याच्या घरच्यांच्या दृष्टीने त्या स्कूटरस्वारात आणि त्याच्यात काय फरक राहतो?

२९ नोव्हेंबर २०२४ रोजी भंडाऱ्याहून गोंदियाला निघालेली शिवशाही बस सडक अर्जुनी तालुक्यात डव्व्याजवळ उलटली. ११ जण गेले, अनेक जखमी झाले. याच जिल्ह्यातली गोष्ट. मदतीची घोषणा तातडीने झाली, बसच्या वेगाची आणि रस्त्याच्या वळणाची चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण एकाच वेळी वीस-तीस जखमी आले तर वाटेवरच्या कोणत्या दवाखान्याने काय करायचे, याची आखणी प्रत्येक तालुक्यासाठी लिहून ठेवलेली असायला हवी. सालेकशाला तर ती जास्तच लागते. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेला अनेक राज्यांतून लाखो आदिवासी भाविक येतात, पावसाळ्यात हाजरा धबधब्यावर गर्दी होते, आणि लग्नसराईत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या माणसांनी भरून धावतात.

सीमेचा प्रश्न वेगळाच. दरेकशाच्या पलीकडल्या माणसाला डोंगरगड जवळ पडते, आणि राजनांदगावला वैद्यकीय महाविद्यालय आहे. केंद्राची योजना देशभर चालते, म्हणजे पैशाला सीमा नाही. रुग्णवाहिकेला मात्र आहे. दोन्ही राज्यांत क्रमांक १०८च, पण यंत्रणा निरनिराळ्या. सीमेवर फोन पलीकडच्या टॉवरला लागला तर कोणाची गाडी येणार? गोंदिया आणि राजनांदगावच्या जिल्हाधिकाऱ्यांनी एकत्र बसून हे एकदा ठरवून टाकावे. जवळची गाडी निघेल आणि जवळच्या योग्य रुग्णालयात जाईल, बाकी हिशेब मागाहून.

मदत करणाऱ्याचाही विचार हवा. कायद्याच्या १३४-अ कलमाने त्याला संरक्षण दिले आहे, नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. गंभीर जखमीला पहिल्या तासात पोचवणाऱ्यास २५ हजार रुपये देण्याची ‘राहवीर’ योजनाही केंद्राने २०२५ साली आणली. पण या पट्ट्याने नक्षलवादाची अनेक वर्षे काढली आहेत. पोलिसांच्या चौकशीची धास्ती इथे शहरापेक्षा खोल आहे, आणि ती बक्षिसाने जाणार नाही. ठाण्यातल्या अंमलदाराने गावात, आठवडी बाजारात येऊन, लोकांच्या बोलीत सांगितले तरच ती जाईल. गोंडी बोलणारा माणूस त्याच्यासोबत असला तर आणखी बरे.

योजनांनी केलेली वर्गवारीही इथे अपुरी पडते. केंद्राची योजना मोटार वाहनाच्या अपघातापुरती आहे. राज्याची २०२०ची योजना मंजूर झाली तेव्हा रेल्वेचे, घरातले आणि रोजच्या कामातले अपघात तिच्यात धरलेले नव्हते. या तालुक्यातून तर लोहमार्ग जातो. इथला माणूस झाडावरून पडतो, मोहफुले वेचताना अस्वलाच्या तावडीत सापडतो, धान चुरताना यंत्रात हात जातो. शेतकऱ्याचा असा मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून वारसाला २ लाख रुपये मिळतात. मरणानंतरची ही व्यवस्था बरीच स्पष्ट आहे. जगत असताना मात्र कोणती योजना लागू, कोणते कार्ड हवे, कोणते रुग्णालय यादीत आहे, हे जखमीच्या नातेवाइकाला रात्री दारोदार विचारत फिरावे लागते. हे काम ग्रामीण रुग्णालयाच्या दारात बसलेल्या आरोग्यमित्राचे असले पाहिजे, आणि तो रात्रीही हवा.

आणि केंद्राच्या योजनेचे सात दिवस संपल्यावरचा आठवा दिवस. मांडीत सळई घातलेला माणूस सात दिवसांत घरी येतो, पण चालू लागायला त्याला काही महिने लागतात. रोवणीचा हंगाम त्या काळात आला तर घरातल्या बाईवर सगळा भार पडतो. टाके काढायला, एक्स-रे दाखवायला, व्यायाम शिकायला दर वेळी गोंदियाला जायचे म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडते आणि गाडीभाडे वर. लोक जायचे सोडून देतात, हाड वाकडे जुळते, गुडघा आखडतो, आणि पस्तिशीचा मजूर कायमचा काठीला लागतो. वैद्यकीय महाविद्यालयातला अस्थिरोग विभाग आणि सालेकशाचे ग्रामीण रुग्णालय यांच्यात ४० किलोमीटर आहेत. आठवड्यातून एक दिवस, आठवडी बाजाराच्या दिवशी, तिथला एक डॉक्टर आणि एक फिजिओथेरपिस्ट सालेकशाला येऊन बसले तर या माणसांना गोंदिया गाठावे लागणार नाही. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, अधिष्ठाता आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांच्यातला एक आदेश लागतो. येत्या रोवणीआधी तो निघावा.