साडेतीन हजारांची बाटली आणि आत्याची किडनी

गेल्या दिवाळीत मी आत्याला अल्कलाइन पाण्याची बाटली भेट दिली. साडेतीन हजारांची, आत कसलेसे मणी वगैरे. शरीरातलं ॲसिड कमी होतं म्हणे! आत्याला बारा वर्षं डायबेटिस, किडनी जरा नाजूक. भाच्याला आपली काळजी आहे म्हणून तिने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती बाटली दाखवली.

मार्चमध्ये तिला धाप लागायला लागली. तीही बसल्या बसल्या. ईसीजी बरा, एक्स-रे बरा. शेवटी किडनीच्या डॉक्टरांनी रक्तातलं बायकार्बोनेट तपासायला सांगितलं. आलं 13. हवं साधारण 22 ते 28. म्हणजे किडनीला ॲसिड बाहेर टाकणं जमत नव्हतं, म्हणून फुप्फुसं जोरजोरात कार्बन डायऑक्साइड फेकून रक्त सांभाळत होती. आणि आम्ही दम्याचा पंप शोधत होतो. आमचं सगळं लक्ष क्रिएटिनिनवर. बायकार्बोनेट आमच्या 'फुल बॉडी' पॅकेजात नव्हतंच, आणि ते मागायला हवं हे कुणाला ठाऊक असणार?

त्या शनिवार-रविवारी मी वाचत बसलो. (उशिरा सुचलेलं शहाणपण. असो.)

रक्ताचा पीएच, म्हणजे शाळेतला आपला सामू, 7.35 ते 7.45 मध्येच लागतो. कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे जातो, पण प्रथिनं पचताना तयार होणारं सल्फ्युरिक ॲसिड वगैरे काही श्वासातून जात नाही. ते किडनीच्या गळ्यात. सत्तर किलोच्या माणसात असं ॲसिड रोज साधारण 70 मिलिमोल. किडनी आधी रोज गाळलेल्या 180 लिटर द्रवातलं जवळजवळ सगळं, म्हणजे चार हजारांहून जास्त मिलिमोल बायकार्बोनेट परत रक्तात घेते. मग उरतं हे ॲसिड. लघवीचा पीएच साधारण 4.5 च्या खाली जात नाही. त्या पीएचला 70 मिलिमोल ॲसिड नुसतं मोकळं टाकायचं तर रोज दोन हजार लिटरहून जास्त लघवी व्हायला हवी! म्हणून किडनी ग्लुटामिनपासून अमोनिया बनवते आणि ॲसिड त्या अमोनियावर नि फॉस्फेटवर लादून दीड-दोन लिटरमध्ये पाठवून देते. वर खर्च झालेलं बायकार्बोनेट नव्याने बनवून रक्तात भरते. हे वाचून मी खरंच खुर्चीतून उठलो. आपण असला कोड जन्मात लिहिणार नाही.

म्हणूनच लघवीत पट्टी बुडवून 'बघा, तुमचं शरीर ॲसिडिक झालंय' म्हणणाऱ्यांचं हसू येतं. अहो, लघवी ॲसिडिक आहे म्हणजे बहुधा किडनी तिचं काम करतेय!

आता बाटलीचा हिशोब. पीएच 9 चं पाणी म्हणजे लिटरमागे फक्त 0.01 मिलिमोल अल्कली. दिवसाचं 70 मिलिमोल ॲसिड मारायला सात हजार लिटर, म्हणजे एक टँकर प्यायला हवा. त्यात बायकार्बोनेटचे क्षार विरघळवले असतील तर थोडं जास्त, पण मग तुम्ही सोड्याचं पाणी विकत घेताय हो. सोडियम बायकार्बोनेटच्या 500 मिलिग्रॅमच्या एका गोळीत जवळजवळ 6 मिलिमोल असतात. माझ्या भेटीचे सहाशे लिटर एका स्वस्तातल्या गोळीत!

पण म्हणून घरच्या घरी सोडा फाकू नका. त्यातल्या सोडियमने सूज आणि बीपी वाढू शकतं. शिवाय सगळ्या रुग्णांना फायदा होतोच असंही नाही. 2009 मध्ये लंडनच्या चाचणीत या गोळ्यांनी किडनीची घसरण मंदावली, तर 2020 मध्ये आलेल्या ब्रिटनच्याच साठीपुढच्या रुग्णांच्या चाचणीत फायदा दिसला नाही. ते डॉक्टरांनाच ठरवू दे.

माझा राग विकणाऱ्यांवर कमी, आपल्यावर जास्त आहे. निरोगी किडनीला या पाण्याची गरज नाही, आजारी किडनीला ते पुरत नाही. पण घरात डायबेटिस किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन बघणं, किडनी आजारी असेल तर डॉक्टरांना बायकार्बोनेटबद्दल विचारणं, डोकं दुखलं की पेनकिलर न मारणं, हे आपण टाळतो. कारण ते भेट देता येत नाही.

आत्या आता दिवसातून तीनदा गोळ्या घेते, धाप थांबलीय. बाटलीबद्दल ती काही बोलत नाही, मीही नाही. येत्या रविवारी आमच्या सोसायटीत लॉबीत अल्कलाइन मशीन बसवायचा ठराव आहे. सेक्रेटरीकाका, हे पान प्रिंट काढून आणतोय, माझं मत विरोधात धरा.