शब्दांच्या मुळाशी : एन्जॉय



दोह्यातील शाळेत शिकणाऱ्या माझ्या मुलीने परवा नागरिकशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकातील एका वाक्याचा मराठी अनुवाद करून दाखवला : ‘नागरिक आपल्या हक्कांची मजा घेतात.’ मूळ क्रियापद होते ‘एन्जॉय’. आम्ही हसलो, परंतु ही चूक तिची एकटीची नव्हती. आपल्या घरांत या शब्दाचा एकच अर्थ उरला आहे : शुक्रवारी कॉर्निशवर जावे, खावे-प्यावे, छायाचित्रे काढावीत.

या शब्दातील ‘जॉय’ जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ आनंदवाचक लॅटिन शब्दात आहे. इंग्रजीत प्रारंभी ‘एन्जॉय’ म्हणजे केवळ हर्षित होणे. १५व्या शतकात त्याचे आणखी दोन अर्थ रूढ झाले : एखाद्या गोष्टीत आनंद मानणे आणि एखाद्या गोष्टीचा प्रत्यक्ष लाभ घेणे. म्हणूनच इंग्रजीत आरोग्य, मालमत्ता आणि हक्कही ‘एन्जॉय’ केले जातात. या दुसऱ्या अर्थासाठी मराठीत ‘उपभोगणे’ आहे. ‘मजा’ हा शब्द मात्र फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘चव’. येथील अरबी उपाहारगृहांत जेवणाच्या आरंभी छोट्या बशांतून येणारे ‘मेझे’ही त्याच कुळातले.

हक्क असणे आणि तो उपभोगणे यांतील अंतर आपल्या समाजाने सोसले आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. त्यानुसार महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले, ते कागदावर. पाणी ओंजळीत आले २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह तळ्यात उतरले तेव्हा. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी व तलावांबरोबरच दुकाने, उपाहारगृहे आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणेही नमूद झाली. पाण्यासारखीच करमणूकही कोणाला जातीवरून नाकारता येणार नाही, असे तेथे लिहिले गेले.

हे सारे समजावून सांगितल्यावर मुलीने विचारले, “मग आपल्याकडच्या मावशी शुक्रवारी काय एन्जॉय करतात?”

मी निरुत्तर झालो. कतारच्या २०१७ च्या कायदा क्रमांक १५ नुसार घरकामगाराला दिवसाला कमाल १० तास काम, आठवड्यातून एक सवेतन सुट्टी आणि वर्षाला तीन आठवड्यांची रजा आहे. मावशींच्या करारातही सुट्टी लिहिलेली होती. पण गेल्या शुक्रवारी त्या आमच्याबरोबर कॉर्निशवर होत्या, धाकट्याला सांभाळत. ‘त्यांनाही तेवढेच फिरणे होते,’ असे आम्ही स्वतःला समजावत आलो होतो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांचा हक्क कागदावरच अडवून धरला गेला, त्यांच्या घरात हे घडत होते.

मुलीने वहीतले वाक्य सुधारले : ‘नागरिक आपले हक्क उपभोगतात.’ मावशींना सुट्टीचा वार आम्ही विचारला. त्यांनी शुक्रवारच निवडला. या शुक्रवारी धाकट्याला मीच सांभाळले; मावशी कोठे गेल्या, हे आम्ही विचारले नाही.

आपल्या घरीही हा शब्द एकदा तपासून पाहावा, ही विनंती.