दहशत, संशय आणि सोबती

हिंदुस्थान समाजवादी प्रजातंत्र सेनेच्या तरुणांविषयी लिहिताना त्यांच्या धैर्याचा गौरव केला की कर्तव्य संपले, असे मानण्याचा प्रघात आहे. साँडर्सचा वध, असेंब्लीतील बाँब, फाशी हा क्रम सर्वांच्या परिचयाचा असतो. त्या तरुणांच्या आपापसांतील भयाची व सूडाची हकिगत मात्र भक्तिभावाने झाकली जाते. राजकीय कार्यकर्त्याला अधिक शिकवणारी हकिगत वस्तुतः हीच आहे.

सायमन कमिशनविरोधी निदर्शनातील लाठीमारानंतर १७ नोव्हेंबर १९२८ रोजी लाला लजपतराय निवर्तले. बरोबर महिन्याने लाहोरात त्याचा सूड उगवण्यात आला. नेम स्कॉटवर होता. मेला साँडर्स, आणि पाठलाग करणारा चननसिंग हा गरीब हिंदी शिपाई. अधिकारी येताच खूण करण्याचे काम जयगोपाळकडे होते. पुढे तोच माफीचा साक्षीदार झाला. फणींद्रनाथ घोष, हंसराज व्होरा हेही त्याच वाटेने गेले.

आता सूडाने दिशा बदलली. १९२९ साली भर न्यायालयात प्रेमदत्त या सर्वांत लहान आरोपीने जयगोपाळवर चप्पल भिरकावली. १९३० साली जळगावच्या न्यायालयात भगवानदास माहौर यांनी जयगोपाळ व फणींद्र यांच्यावर पिस्तूल झाडले, दोघेही बचावले. फणींद्रला नोव्हेंबर १९३२ मध्ये चंपारण्यातील बेतिया येथे गाठण्यात आले आणि त्यासाठी बैकुंठ शुक्ल १४ मे १९३४ रोजी गयेत फासावर चढले.

फितुरांना शासन झाले, यात हळहळण्यासारखे काय, असे कोणी विचारील. परंतु प्रकरण फितुरांपाशी थांबले नाही. जानेवारी १९३० च्या ‘बाँबचे तत्त्वज्ञान’ या पत्रकात, दहशत जुलमी सत्ताधाऱ्याच्या मनात भय उत्पन्न करते, असे प्रतिपादन होते. ते लिहिणारे भगवतीचरण व्होरा यांच्याविषयी ते गुप्त पोलिसांचे हस्तक असल्याची कुजबुज त्यांच्याच वर्तुळात झाली होती! रावीकाठी बाँबची चाचणी घेताना मे १९३० मध्ये त्यांच्या देहाच्या चिंधड्या उडाल्या. त्याच वर्षी मध्यवर्ती समितीने यशपाल या आपल्याच सोबत्याला गोळी घालण्याचा निर्णय घेतला. वीरभद्र तिवारीने आगाऊ सूचना दिल्यामुळे यशपाल वाचले व आझादांना समक्ष भेटून त्यांनी आपली बाजू मांडली. आझादांनी अखेर ती समितीच विसर्जित केली. फेब्रुवारी १९३१ मध्ये आझाद अलाहाबादेत धारातीर्थी पडले, तेव्हा संशयाचे बोट वळले ते याच वीरभद्रकडे.

या माणसांचे शील हीन होते काय? मुळीच नाही. दोष रचनेत होता. गिरणीच्या दारावर उभ्या असलेल्या कार्यकर्त्याची निष्ठा शेकडो कामगार रोज पाहतात, तोलतात, चुकल्यास त्याला फैलावर घेतात. जनतेपासून तुटलेल्या दहा-बारा जणांच्या मंडळात असा साक्षीदार कोठून आणावयाचा? तेथे मैत्री हीच संघटनेची घटना आणि मैत्री हाच निष्ठेचा पुरावा. त्यामुळे मतभेद म्हणजे दगा ठरतो आणि दग्याला गोळीखेरीज दुसरे कलम उरत नाही. एका मित्राचा जबाब दुसऱ्यापुढे धरण्याचे पोलिसी तंत्र तेथे चटकन फळास येते, कारण भयाने जमीन आधीच नांगरलेली असते.

हेच तरुण तुरुंगात उघड्यावर आले तेव्हा वेगळे घडले. जतींद्रनाथ दास ६३ दिवसांच्या उपोषणानंतर १३ सप्टेंबर १९२९ रोजी गेले, तेव्हा त्यांच्या अंत्ययात्रेसाठी कलकत्त्यात अफाट जनसागर लोटला. साँडर्सवरील गोळीने जे साधले नव्हते ते या मरणाने साधले.

२ फेब्रुवारी १९३१ रोजी तरुण राजकीय कार्यकर्त्यांना लिहिताना भगतसिंगांनी, कदाचित आरंभीचा काळ सोडल्यास आपण दहशतवादी नव्हतो, असे सांगून त्या मार्गाने काही हाती लागत नाही, हा निष्कर्ष नोंदविला. हे शब्द सरकारच्या भयाने लिहिलेले नव्हते. फाशी ठरलेली होती. (आजची राज्यसंस्था हा शब्द फार स्वस्तात वापरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर यूएपीए कायद्याखाली खटला चालण्यापूर्वीच व्यक्तीला दहशतवादी घोषित करता येते. भगतसिंगांच्या आत्मपरीक्षणाचा अशा सत्तेला उपयोग करू देता कामा नये.)

त्यांचे सोबती शिव वर्मा अंदमानातून परतून कम्युनिस्ट चळवळीत आले. पुराव्याअभावी सुटलेले अजय घोष १९५१ साली पक्षाचे सरचिटणीस झाले. ज्या चळवळीत ते आले, तेथेही संशय होता, फाटाफूट होती, कटुता तर विपुल होती. पण आरोप झालेल्या सोबत्याला समितीपुढे उभे राहून उत्तर देता येत होते. यशपालांना त्यासाठी जीव मुठीत धरून आझादांना शोधावे लागले होते.