गाडीने आपल्याला पोसावे, आपण गाडीला नव्हे

आपल्या समाजातील छोट्या व्यापाऱ्याची दुकानानंतरची पहिली मोठी खरेदी बहुधा व्हॅनचीच असते. कोणाला पहाटे पावाची लाईन करायची असते, कोणाला भिवंडी-मालेगावात कापडाच्या गाठी हलवायच्या असतात, कोणाला मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळी आणायची असते, तर कोणाला लग्नाच्या जेवणाच्या देगा पोचवायच्या असतात. आठवडाभर माल आणि सुट्टीच्या दिवशी मुलेबाळे, असा या गाडीचा दुहेरी उपयोग. म्हणूनच ती कारागिराला परवडते, असे आपण धरून चालतो. ती खरोखर परवडते का, याचा हिशेब मात्र फार थोड्यांनी केलेला असतो. आज त्याच विषयावर चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

मारुतीची व्हॅन १९८४ साली बाजारात आली. पुढे १९८८ पासून ती ओम्नी या नावाने ओळखली जाऊ लागली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, सरकते दरवाजे, मागची सीट काढली की मालाला मोकळी जागा आणि गल्लीबोळात सहज वळणारी चण. या गुणांवर तिने पस्तीस वर्षे काढली. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. २०१० साली आलेली ईको आता तिची जागा चालवीत आहे. रस्त्यावर आजही जुन्या ओम्नी दिसतात आणि जुन्या-नव्या दोन्हींचे सामान कुर्ल्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत मिळते.

व्हॅन वापरणाऱ्यांना आम्ही अनेकदा विचारले, गाडी कशी आहे? उत्तरे दोन प्रकारची येतात. एक म्हणतो, "पेट्रोल घाला आणि चालवा, कटकट नाही." दुसरा म्हणतो, "सगळा नफा गॅरेजात जातो." गंमत अशी, की दोघांची गाडी पुष्कळदा एकाच कंपनीची, एकाच सालची असते. तेव्हा फरक गाडीत कमी आणि मालकाच्या सवयीत जास्त आहे, असे आमचे मत झाले आहे.

या गाडीची रचना साधी आहे. ताकद मागच्या चाकांना जाते, इंजिन पुढच्या सीटखाली असते. साधेपणामुळे कोणताही जाणता मिस्त्री ती खोलू शकतो, हा मोठा फायदा. पण इंजिन सीटखाली असल्यामुळे ते रोज पाहिले जात नाही, हा तोटा. ऑईल किती आहे, कूलंटची पातळी कुठे आहे, पाईप कुठे झिरपतो का, हे सीट उचलल्याखेरीज नीट कळत नाही. आणि पहाटे चार वाजता माल भरण्याच्या घाईत सीट उचलतो कोण? गाडी तापते, हेड गॅस्केट जाते आणि पाचशे रुपयांच्या पाईपचे काम हजारोंवर जाते. जुन्या ओम्नीत टायमिंगचा रबरी पट्टा असतो. तो वेळेवर बदलला नाही तर भर रस्त्यात गाडी उभी राहते. ठरलेल्या वजनापेक्षा जास्त माल भरून घाट चढवला तर क्लच प्लेट, मागची स्प्रिंग आणि ब्रेकचे लायनर लवकर झिजतात. मासळीचे खारे पाणी फरशीवर सांडले आणि त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुतले नाही, तर पत्रा आतून सडतो. यात कंपनीचा दोष काढून उपयोग नाही.

आमच्या परिचयातील एका बेकरीवाल्यांची गोष्ट सांगतो. व्याजाच्या व्यवहारात पडायचे नाही म्हणून त्यांनी बँकेचे कर्ज नाकारले आणि साठवलेल्या पैशांतून जुनी व्हॅन रोखीने घेतली. नियत उत्तम, निर्णयही योग्य. परंतु पुढील दोन वर्षांत त्यांनी दुरुस्तीसाठी एक पैसा बाजूला ठेवला नाही. रमजानच्या शेवटच्या अशऱ्यात, म्हणजे वर्षातील सर्वांत मोठ्या विक्रीच्या दिवसांत, गाडी तापून इंजिन जाम झाले. लाईन तुटली तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाणार. अशा वेळी माणूस काय करील? त्यांनी खासगी सावकाराकडून पैसे उचलले, तेही बँकेपेक्षा कितीतरी चढ्या व्याजाने. जे व्याज पुढच्या दाराने घरात येऊ दिले नाही, ते गॅरेजच्या दाराने आत आले.

हे एकट्या त्यांचेच दुःख नाही. आपल्यातील अनेकजण गाडीचा खर्च म्हणजे पेट्रोल किंवा सीएनजी एवढेच समजतात, कारण तेवढाच खर्च रोज खिशातून जातो. बाकीचा खर्च रोज होत असतो, पण दिसत नाही. टायर रोज झिजतो, पैसे मात्र तीन वर्षांनी एकदम मागतो. खाली एक हिशेब मांडून दाखवतो. आकडे उदाहरणादाखल आहेत. वाचकांनी आपापल्या गावचे भाव घालून तो पुन्हा करावा.

समजा, व्हॅन रोज ४० किलोमीटर आणि वर्षाला ३०० दिवस चालते, म्हणजे वर्षाचे १२,००० किलोमीटर झाले. टायरचा संच १४,००० रुपयांचा आणि तो ४०,००० किलोमीटर चालला, तर किलोमीटरला ३५ पैसे. ऑईल आणि फिल्टर १,८०० रुपयांत दर ६,००० किलोमीटरला, म्हणजे ३० पैसे. क्लचचे काम ६,००० रुपयांत ५०,००० किलोमीटरला एकदा, म्हणजे १२ पैसे. बॅटरी ४,५०० रुपयांची तीन वर्षे टिकली, तर सुमारे १३ पैसे. विमा, पासिंग, पीयूसी वगैरे वर्षाला १२,००० रुपये धरले, तर १ रुपया. अचानक निघणाऱ्या दुरुस्तीला वर्षाला १५,००० रुपये, म्हणजे सव्वा रुपया. शेवटी गाडीचा घसारा. २,४०,००० रुपयांना घेतलेली गाडी पाच वर्षांनी ९०,००० रुपयांना गेली, तर १,५०,००० रुपये ६०,००० किलोमीटरवर वाटले गेले, म्हणजे अडीच रुपये.

सगळे मिळून किलोमीटरला ५ रुपये ६५ पैसे झाले. रोजच्या ४० किलोमीटरला २२६ रुपये. हे पेट्रोल सोडून! ज्या व्यापाऱ्याने पावाच्या, कापडाच्या किंवा मासळीच्या भावात हे २२६ रुपये धरले नाहीत, तो रोज तेवढे पैसे गिऱ्हाइकाला फुकट वाटतो आहे आणि नफा झाला या समजुतीत घरखर्च करतो आहे.

आमची सूचना साधी आहे. दुकानाच्या गल्ल्याशेजारी गाडीचा एक वेगळा डबा ठेवा. रोज रात्री गल्ला मोजताना त्या दिवशी गाडी जेवढे किलोमीटर चालली त्याप्रमाणे पैसे त्यात टाका आणि दर जुम्म्याला ते बँकेतील वेगळ्या खात्यात भरा. वरील उदाहरणात एकट्या घसाऱ्याचेच वर्षाला ३०,००० रुपये होतात, म्हणजे पाच वर्षांत दीड लाख. जुन्या गाडीचे ९०,००० त्यात मिळवले की पुन्हा २,४०,००० रुपये हातात येतात. भाव वाढले असतील तर थोडी भर घालावी लागेल, पण पुढची गाडी कर्जाशिवाय दारात येईल. व्याजापासून दूर राहायचे असेल तर गाडी घेतानाचा निर्धार पुरत नाही, रोजची ही शिस्त लागते. साठवलेल्या रकमेवर वर्ष पूर्ण झाले की ती जकातीच्या हिशेबात धरायला विसरू नये. रोज धंद्यात राबणाऱ्या गाडीच्या किमतीवर जकात नाही. विकण्यासाठी उभ्या केलेल्या गाड्यांची गोष्ट वेगळी.

काहीजण म्हणतील, एवढी कमाई असती तर कर्जाचा प्रश्नच कशाला आला असता? त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. सुरुवातीच्या वर्षात २२६ रुपये निघणार नाहीत. मग १०० टाका, पण टाका. बाजारपेठेतील दहा-बारा विश्वासू दुकानदारांनी मिळून भिशी चालवली तरी काम भागते. मात्र ती पाळीपाळीची असावी. बोली लावून नंबर विकण्याची भिशी म्हणजे व्याजच, ते टाळावे. जिथे बिनव्याजी कर्ज देणारी संस्था आहे तिथे तिचा लाभ घ्यावा आणि हप्ता वेळेवर फेडावा, म्हणजे पुढच्या गरजू भावाची सोय होईल.

दुसरा मुद्दा अधिक नाजूक आहे, पण बोलणे भाग आहे. या धंद्यात गाडीचा मालक आपला, जुन्या गाड्यांचा दलाल आपला, मिस्त्री, डेंटर, पेंटर आणि सीट शिवणारा कारागीरही पुष्कळदा आपलाच. मग मीटर मागे फिरवण्याचे काम कोण करतो? सडलेल्या पत्र्यावर पुट्टी भरून वरून चकचकीत रंग कोण मारतो? आम्ही स्वतः एकदा अशीच गाडी घेतली. मीटरवर ४२,००० किलोमीटर होते. ब्रेकचे पॅडल मात्र झिजून गुळगुळीत झाले होते. आम्ही पाहिले आणि तरीही घेतली, कारण दलाल ओळखीचा होता. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा दाखवून देणारे आणि ओले धान्य वर ठेवायला हवे होते असे बजावणारे प्रेषित मुहम्मद (स.) आपले आदर्श आहेत. जुन्या गाडीचा ओला भाग वर ठेवणे, म्हणजे दोष आधी सांगून मग भाव ठरवणे, हाच आपला रिवाज झाला पाहिजे. घेणाऱ्यानेही डोळे मिटू नयेत. सकाळी थंड इंजिन आपल्यासमोर चालू करायला लावावे, फरशीचे मॅट उचलून पत्रा पाहावा, सरकता दरवाजा चार वेळा उघडून बंद करावा, आणि दलालाच्या नव्हे, आपल्या मिस्त्रीकडून गाडी तपासून घ्यावी.

मिस्त्री बंधूंना आमची विनंती आहे की कामाची चिठ्ठी लिहून द्या आणि काढलेला जुना पार्ट मालकाच्या हातात ठेवा. मालकांनाही तेवढीच विनंती आहे. मिस्त्रीची मजुरी महिनोन्महिने लटकवून ठेवायची आणि वर त्याने प्रामाणिकपणे काम करावे अशी अपेक्षा करायची, हा कुठला न्याय? उधारी ठेवावीच लागली तर ती लिहून ठेवा. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत याची सविस्तर ताकीद आहे, ती काही फक्त मोठ्या सौद्यांसाठी नाही.

कागदपत्रांबद्दल थोडेसे. खासगी म्हणून नोंदलेली पांढऱ्या पाटीची व्हॅन भाड्याने माल वाहण्यासाठी वापरली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. मालवाहू नोंदणीच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी पासिंग लागते. तो खर्च डब्यात धरावा. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करून घ्यावी. घरगुती सिलिंडरमधून गाडीत गॅस भरणे हा गुन्हा तर आहेच, पण त्याच गाडीत रविवारी आपली मुले बसतात, हे तरी ध्यानात ठेवावे. किलोमीटरमागे दोन-तीन रुपये वाचवण्यासाठी एवढी मोठी जोखीम घेणे शहाणपणाचे नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरील जीएसटी १८ टक्के झाला आहे, त्यामुळे नव्या गाडीची किंमत विचारून मगच जुनीचा भाव ठरवावा.

व्हॅन ही आपल्या धंद्यातील भागीदार आहे. भागीदाराचा हिस्सा रोजच्या रोज बाजूला काढला तर तो साथ देतो. न काढला तर एक दिवस सगळा एकदम वसूल करतो, आणि तो दिवस नेमका ईदच्या तोंडावरचा असतो. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी आज रात्रीच वही उघडावी, मीटरचा आकडा लिहावा आणि डब्यात पहिली नोट टाकावी. इन्शाअल्लाह, सहा महिन्यांत फरक दिसेल. अल्लाह आपल्या हलाल रोजीत बरकत देवो.