धाकट्याच्या पट्ट्या थोरल्याला

मराठीच्या प्राध्यापकाला लोक वर्षभर काही ना काही विचारीत असतात. बारशाच्या आधी मुलाचे नाव, लग्नसराईत पत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ, एखाद्याच्या निरोपसमारंभाला मानपत्र. पण गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या संध्याकाळी अमेरिकेतून पुतण्याचा फोन आला आणि नमस्कारचमत्कार होण्याच्या आतच त्याने विचारले, "काका, ब्रेसला मराठीत काय म्हणतात?"

"दातांच्या तारा," मी म्हणालो. "कोणाचे दात पुढे आले?"

"दात नव्हेत हो! मोटारीच्या सांगाड्याचे ब्रेस."

माझे मोटारीचे ज्ञान पारनेरहून सुप्याला जाणाऱ्या एस. टी.त खिडकीशेजारची जागा पकडण्यापुरते. पुतण्या मिशिगनमध्ये असतो. तिथे त्याने पगारातून पैसे साठवून एक जुनी, दोन माणसांची, उघडी मोटार घेतली आहे. माझदा कंपनीची मियाता. ही गाडी 1989 साली शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम लोकांपुढे आली, आणि इतकी खपली की 2000 साली गिनेसच्या पुस्तकात सर्वांत जास्त खपाची दोन आसनी स्पोर्ट्स मोटार म्हणून तिची नोंद झाली. पुतण्याची गाडी त्या पहिल्या घाण्यातली, 1991 सालची. तिचे चित्र पाहून सौ. म्हणाली, "एवढे पैसे घेऊन वर छप्पर देत नाहीत?"

तिला ठाऊक नव्हते, पण सगळी भानगड त्या छपरातच आहे. दिवाळीच्या नव्या चपलांचा खोका आपल्या घरी असेलच. झाकण लावून तो दोन्ही हातांनी पिळून पाहा; दाद देत नाही. झाकण काढून पिळा, लगेच वेडावाकडा होतो. आपल्या नेहमीच्या मोटारीला ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते. तळ, बाजू आणि छप्पर मिळून तो खोकाच सगळा भार सोसतो. छप्पर काढले की उरते बिनझाकणाचे खोके. एक चाक खड्ड्यात गेले की सांगाड्याला पीळ बसतो, समोरची काच थरथरते, दारे कुरकुरतात, आणि चाकांनी ज्या कोनात चालायचे तो कोनही ढळतो.

कारखानदारांनाही हे कळत होतेच. 1993 साली याच गाडीत मोठे, 1.8 लिटरचे इंजिन घातले तेव्हा तळाला पुढेमागे आडव्या पट्ट्या आणि आसनांच्या मागे, पट्ट्यांच्या दोन खांबांना जोडणारी एक दांडी, अशी वाढीव बांधणी त्यांनी स्वतःच दिली. पुढच्या पिढीच्या गाड्यांत तिच्यात आणखी भर पडली. मोडीत निघालेल्या अशा गाड्यांच्या पट्ट्या तिकडे भंगारात मिळतात, आणि हौशी मंडळी त्या जुन्या गाडीला बसवतात. आपल्याकडे थोरल्याचे कपडे धाकट्याला घालतात. इथे धाकट्याची हाडे थोरल्याला!

"हे सगळे ठीक," मी म्हणालो, "पण मराठी शब्द कशाला हवा?"

पुतण्या जरा थांबला. "बाबांना विचारायचंय. त्यांना इंग्रजी शब्द घातले की ते फोन ठेवतात."

बाबा म्हणजे माझे दादा. पारनेरात त्यांचे वेल्डिंगचे दुकान होते. कांद्याच्या ट्रॉल्या बांधण्यात उभी हयात गेली. मुलाने दुकान वाढवावे अशी त्यांची इच्छा. तो शिकला आणि परदेशी गेला. वहिनी गेल्या तेव्हा तो पोहोचला तिसऱ्या दिवशी. दादा त्यावर एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच वाईट झाले. तेव्हापासून दर रविवारी "तब्येत बरी?" "बरी." "पाऊस?" "नाही." एवढ्यात बापलेकांचे संभाषण आटपते. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात. आमच्या घरात तो दोन्ही टोकांना आहे.

मी रात्रभर शब्दकोश चाळले. धिरा, टेकू, आधार, तणावा. सकाळी हा ऐवज घेऊन दादांकडे गेलो. ते ओट्यावर उकरलेल्या बाजेची दोरी ताणीत बसले होते. माझी यादी ऐकून म्हणाले, "धिरा उभा असतो. टेकू तात्पुरता. तू सांगतोस ती आडवी असली तर पट्टी, तिरकी असली तर कर्ण, आणि दोन कर्ण एकमेकांना छेदले की कैची. चौकट कलते, कर्ण घातला की तिचे त्रिकोण होतात, मग कलायची नाही." महाभारत शिकवताना कर्णाविषयी इतके सरळ वाक्य मला कधी सुचले नव्हते. मग त्यांनी हळूच विचारले, "कोणाची ट्रॉली आहे?"

मी खरे सांगितले. दादा दोरी ताणीतच राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "लाव फोन."

चकल्यांच्या डब्याला मोबाइल टेकवून आम्ही बसलो. तिकडे पुतण्या गाडी टेकूंवर घेऊन तिच्याखाली दिवा धरून पडला होता. नवीन पट्ट्या त्याने कौतुकाने दाखवल्या. वजन फार नाही, पण जुन्या सांगाड्यात सगळीकडे तयार भोके नसतात, तिथे ड्रिल मारावे लागते. दादांनी पट्ट्यांकडे पाहिलेच नाही. "दिवा मागे घे. चाकाच्या पुढे. तिथे पाना ठोक."

पान्याचा आवाज बद्द आला. दुसऱ्यांदा ठोकला तेव्हा पत्र्याचा एक पापुद्रा पुतण्याच्या गालावर पडला.

"गंज," दादा म्हणाले. "इतका कशाने?"

"थंडीत बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात, बाबा. शिवाय छपराचं पाणी जाण्याच्या नळ्या तुंबल्या, की ते आतच मुरतं."

"मीठ? रस्त्यावर?" दादांनी माझ्याकडे पाहिले, जणू पोराला मीच तिकडे पाठवले होते. मग त्यांचा आवाज चढला. "कुजलेल्या पत्र्याला भोक पाडून नवी पट्टी आवळशील, तर पट्टी राहील धड आणि तिच्याभोवतीचा पत्रा फाटेल. आधी कुजका भाग कापून नवा पत्रा जोडून घे. तोवर या गाडीत बसायचे नाही. सूनबाईला तर नाहीच." त्या दिवशी ते दोघे सव्वा तास बोलले. मी मधे दोनदा चहा घेऊन आलो, कोणाच्या लक्षात आले नाही.

काम हिवाळाभर रेंगाळले. तिकडचा कारागीर महाग, आणि दादांना प्रत्येक सांध्याचा फोटो हवा. मला हे सारे एका खेळण्यासाठी जरा जास्तच वाटत होते, आणि अजूनही वाटते. या पट्ट्यांनी गाडी एका हाताच्या अंतरानेही वेगाने धावत नाही. पण दुकान विकल्यापासून दादांना कोणी काही विचारले नव्हते, हेही माझ्या तेव्हाच ध्यानात आले.

गुढीपाडव्याच्या सुमारास पट्ट्या बसल्या. बोल्ट पूर्ण आवळण्याआधी दादांनी गाडी सपाट जागी, चारी चाकांवर उभी करायला लावली. नाहीतर वाकलेला सांगाडा तसाच जखडला जातो. दिवाळीत, गंज सापडण्याआधी, त्यांनी एक परीक्षाही सांगून ठेवली होती: पुढचा एक कोपरा जॅकने उचल आणि दाराची फट मोज. तेव्हाचा आकडा दादांनी पंचांगाच्या मलपृष्ठावर लिहून ठेवला होता. आता तसाच कोपरा उचलला, फट मोजली. पुतण्याने आकडा सांगितला, दादांनी तो जुन्या आकड्याखाली लिहिला, वजाबाकी केली आणि चष्मा पुसला.

"कमी झाली," ते म्हणाले. "गेली नाही. उघड्या गाडीची ती जाणारही नाही."

परवा ते माझ्याकडे आले. यंदाचे पंचांग हातात होते. म्हणाले, "त्याला विचार, मीठ टाकायला केव्हापासून सुरुवात करतात."

"तुम्हीच विचारा की."

"मी विचारतोच आहे. तू फक्त फोन लाव."